सोलापुरातला पहिला नाताळ: माळ घेताना ऊन आणि धूळ बघा

रेल्वेच्या बदलीवर, एनटीपीसीत, एखाद्या हॉस्पिटलात किंवा कॉलेजात लागून दरवर्षी काही कुटुंबं सोलापुरात येतात. कुणी वसईचं असतं, कुणी नगरचं, कुणी मिरज-जालन्याकडचं. चर्चमध्ये ओळख होते आणि दिवाळी सरली की ठरलेला प्रश्न येतो: इथे नाताळची लाइटिंग कसली घ्यायची? मीही मूळची वसईची. नोकरीमुळे आले आणि आता इथलीच झाले. हा प्रश्न मला अगदी मनापासून आवडतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गावाकडून माळा बांधून आणल्या असतील तर त्या घरात, ट्रीवर लावा. बाहेरसाठी वेगळा विचार करावा लागतो. वसईत माळेचा शत्रू म्हणजे दमट, खारी हवा. तिथे पिना हिरव्या पडतात, जोड गंजतात, म्हणून आम्ही पाण्यापासून बचाव बघायचो. इथे डिसेंबरात हवा कोरडी ठणठणीत असते. रात्री गारठा असला तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि ऊन थेट अंगावर येतं. धूळ तर बाराही महिने. सकाळी पुसलेला कठडा संध्याकाळी पुन्हा बोटाला लागतो. माळ महिनाभर गच्चीवर राहणार असेल तर तिला हे दोन्ही सोसायला हवं.

खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. बहुतेक जण दुसराच आकडा बघतात, कारण तो पाण्याचा. सोलापुरात आधी पहिला बघायचा, तो धुळीचा. आयपी ४४ मधला पहिला ४ सांगतो, की एक मिलिमीटरपेक्षा जाड वस्तू आत जाणार नाही. आपली धूळ त्याहून कितीतरी बारीक, ती सहज शिरते. पहिला आकडा ६ असेल तर धूळ आत जाऊच शकत नाही. म्हणून गच्ची, कंपाउंड आणि झाड यांच्यासाठी आयपी ६५ घ्या. त्यातला ५ पाण्याच्या फवाऱ्याला पुरतो, अवकाळी पावसाची एखादी सर आली तरी काळजी नाही. पुढचा आयपी ६७ पाण्यात बुडवण्यासाठी, त्याला जास्तीचे पैसे घालवू नका. नुसत्या पोर्चमध्ये, छपराखाली लावायची असेल तर ४४ चालतं. एक मात्र तपासा. बऱ्याचदा हा आकडा फक्त माळेचा असतो, अ‍ॅडॉप्टरचा आणि लुकलुक बदलणाऱ्या कंट्रोलरच्या डबीचा नसतो. या दोन वस्तू घरात किंवा पोर्चच्या आत राहतील अशीच लांबी मोजून घ्या.

उन्हाचं खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. ते वायर हातात घेऊनच कळतं. पारदर्शक वायर दुकानात छान दिसते, पण उन्हात पिवळी पडते, मग कडक होते आणि वाकवली की तडकते. काळी किंवा गडद हिरवी वायर उन्हात जास्त टिकते, आणि रात्री दिसतही नाही. बोटाभोवती गुंडाळून बघा. जी मऊपणे वळते ती घ्या, केसासारखी बारीक वायर बाहेरच्या कामाला घेऊच नका. खिशात छोटं चुंबक ठेवलंत तर उत्तम. वायरला चुंबक चिकटलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, अशी तार दोन-चार वेळा दुमडली की तुटते. दुकानदार रागावत नाहीत, उलट समोरच्याला माल कळतो हे ओळखून आतली पेटी काढतात.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. बाजारातल्या स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल दिव्याला २. असे पुष्कळ दिवे एकामागे एक जोडून, मध्ये एक छोटी डबी घालून ती माळ सरळ प्लगमध्ये जाते. म्हणजे दिवा इवलासा असला तरी वायरमध्ये घरातलाच करंट खेळत असतो. उंदराने कुरतडली, खिळ्याने सोलली, लोखंडी ग्रिलला टेकली, तर त्या ग्रिलला हात लावणाऱ्याला झटका बसतो. ‘एलईडी आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. ते चुकीचं आहे. मुलांचा हात पोहोचतो तिथे, ग्रिलवर, पत्र्यावर आणि झाडावर फक्त अ‍ॅडॉप्टरवाली, १२ किंवा २४ व्होल्टची माळ लावा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. हवं तर माळा कमी घ्या.

याच कारणासाठी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची आठवण करून देते. वसईत गोठ्याला भाताचा पेंढा असायचा. इथे तो मिळत नाही, ज्वारीचा कडबा मिळतो, आणि गोठा त्यात फार देखणा होतो. पण वाळका कडबा ठिणगीलाच टपलेला असतो. गोठ्यात कमी व्होल्टचीच माळ हवी, तिचा अ‍ॅडॉप्टर कडब्यापासून दूर हवा, आणि जोड एकही नको. बाहेर टांगायच्या कंदिलासारख्या चांदणीतही जुना १०० वॅटचा बल्ब आता कुणी घालू नये. ७ किंवा ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. त्याहून मोठा बंद चांदणीत कोंडून तापतो आणि लवकर जातो, म्हणून चांदणीला वर-खाली हवा जायला भोकं ठेवा.

रंगाचं सांगायचं तर बाहेर वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा घ्या. केल्विन हे रंगछटेचं माप, ते २७०० ते ३००० असावं. ६५०० वाला पांढरा दुकानाच्या बोर्डाला शोभतो. घराच्या कठड्यावर तो डोळ्यांत खुपतो, आणि चिलटंही त्याच्याकडे जास्त येतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप चढवून पांढरा दिसतो. तो निळा दिवा जमवायलाच फार काळ गेला. जपानमध्ये १९९० च्या दशकात तो उजळला आणि त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त मालात तो लेप कसातरी चढवलेला असतो, म्हणून एकाच माळेत एक दिवा पिवळा, एक निळसर दिसतो. सगळी माळ लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एकदम सगळ्या घ्या, पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

माळ लागलेली असतानाच आणखी एक पारख करा. लुकलुक बंद करून ती एकसारखी जळत ठेवा आणि समोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीचा धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर ती माळ सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझते-पेटते आहे. अशा उजेडात काहींचं डोकं दुखतं. चांगल्या अ‍ॅडॉप्टरवाल्या माळेत हे होत नाही.

कठड्याला सलग रेघ हवी असेल तर स्ट्रिप, म्हणजे एलईडीची पट्टी लागते. १२ व्होल्टची भरगच्च स्ट्रिप मीटरला १४ वॅटच्या आसपास घेते. पाच मीटरला झाले ७० वॅट, म्हणजे सहा अँपिअर. त्यामुळे दूरच्या टोकाला उजेड मंदावतो, आणि पाच मीटरला पाच मीटर जोडत गेलात तर शेवट अंधुकच राहतो. लांब कठड्याला २४ व्होल्टची घ्या किंवा दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या. अ‍ॅडॉप्टर काठोकाठ नको. ७० वॅटच्या स्ट्रिपला ९० ते १०० वॅटचा हवा. पिक्सेलच्या माळांमध्ये प्रत्येक दिवा वेगळा रंग घेतो, मोबाइलवरून नाचवता येतो. हौस असेल तर जरूर करा, पण पहिल्या वर्षी नको. तो महिनाभराचा उद्योग आहे.

बिलाची धास्ती मात्र सोडून द्या. सहा वॅटच्या दहा माळा म्हणजे ६० वॅट. रोज सहा तास, तीस दिवस लावल्या तरी साधारण ११ युनिट होतात. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसनच्या सहकाऱ्याने, एडवर्ड जॉन्सनने, विजेच्या ८० दिव्यांनी पहिलं ख्रिसमस ट्री सजवलं, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज मोजून खर्च करणारं घरही ती करू शकतं, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

लाइट जाऊन आली की साध्या कंट्रोलरची माळ पुन्हा पहिल्या मोडवर जाते आणि लपलप सुरू करते. म्हणून ‘मेमरी’ असलेला कंट्रोलर मागा. व्होल्टेजही वर-खाली होतं, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असावं. टायमरचा प्लग घेऊन ठेवा: संध्याकाळी सहाला सुरू, अकराला बंद. कॅरोलची मंडळी उशिरा येणार असतील त्या रात्री हाताने चालू ठेवता येतं. इथे घरं एकमेकांना लागून आहेत, समोरच्या खिडकीत रात्रभर लुकलुक गेली तर कुणाची झोप होणार नाही. आपले शेजारी भले आहेत. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं एका गल्लीत नांदतं, आणि नाताळचा फराळ प्रत्येक घरी जातो.

जोडणीचं काम वायरमनकडून करून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर माळेआधी ती बसवा. करंटची गळती झाली की ती क्षणात लाइन तोडते. जोड उघड्यावर सेलोटेपने गुंडाळायचा नाही. बाहेरून आत येणारी वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळासारखी सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. खिळ्याऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा किंवा टाय वापरा. जुन्या गावभागात घर घेतलं असेल तर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर ओढू नका. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक निघते. ते नंदीध्वज म्हणजे फार उंच काठ्या असतात, त्यांच्या वाटेत काही येता कामा नये.

खरेदी केव्हा करायची? नवरात्र ते दिवाळी हा माळांचा खरा हंगाम. तेव्हा नवी पेठ, टिळक चौक भागात फिरा, निवड भरपूर असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर उरलासुरला माल हाती येतो. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि R पासून सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पक्कं बिल घ्या. रस्त्यावर ढिगाने विकतात ती माळ फार तर खिडकीच्या आतल्या बाजूला लावायला ठीक.

लावल्यावर आठवड्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने धूळ झटका. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी लावलेल्या माळेचा उजेड नाताळापर्यंत जो उतरतो, तो बहुतेक वेळा नुसत्या धुळीमुळे. काहींना वाटतं माळ कमजोर निघाली.

प्रकटीकरणाच्या सणानंतर, ६ जानेवारीला, पुष्कळ जण माळा उतरवतात. मी गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांत होईस्तोवर ठेवते. सगळं शहर त्या दिवसांत उजळलेलं असतं, आपलं घर तेव्हा अंधारात कशाला? पण त्यानंतर एक दिवसही वर ठेवू नका. फेब्रुवारीपासून ऊन चढतं आणि ते चांगल्या वायरचाही जीव घेतं. उतरवताना ओढू नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैलसर गुंडाळा, प्रत्येकीवर लांबी आणि जागा लिहा, जुन्या चादरीत बांधून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी होते. अ‍ॅडॉप्टर वेगळ्या डब्यात, त्याच्या माळेचं नाव लिहून. १२ व्होल्टच्या माळेला चुकून २४ चा लावला तर ती लगेच जळते.