कॅलिफोर्नियात बांधकामाचे पैसे थकल्यास मिळकतीवर बोजा कसा चढवावा

सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, तसाच बोजा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कंत्राटदाराला, पोटकंत्राटदाराला किंवा माल पुरवणाऱ्या दुकानदारालाही थकलेल्या बिलापोटी मालकाच्या मिळकतीवर चढवता येतो. ‘मेकॅनिक्स लिएन’ नावाचा हा हक्क तेथील राज्यघटनेतच दिलेला आहे. मात्र ज्या कामाला परवाना लागतो ते विनापरवाना केले असेल, तर कंत्राटदाराने त्यावर पाणी सोडावे.

सर्वांत आधी प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे या बांधकामाला आपण काम किंवा माल पुरवत आहोत हे कळवणारी प्राथमिक सूचना, पाठवावी. काम सुरू झाल्यापासून किंवा पहिला माल साइटवर उतरल्यापासून २० दिवसांच्या आत ती मालक, मुख्य कंत्राटदार आणि बांधकामाला कर्ज देणारी संस्था यांना द्यायची असते. मालकाशी थेट करार असलेल्याने ती फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेला दिली तरी चालते. नोटीस सर्टिफाइड मेलने पाठवून पोस्टाची पावती जपून ठेवावी. समजा, फरश्यांची पहिली खेप ३ मार्चला उतरली आणि नोटीस १० एप्रिलला टपालात पडली, तर नोटीस वाया जात नाही. पण तिचे संरक्षण २१ मार्चपासून पुढच्या मालालाच मिळते आणि पहिली खेप उघडी पडते. मालकाला राग येईल म्हणून अनेक जण ही नोटीस टाळतात, हे माझ्या मते भलतेच महागात पडणारे सौजन्य आहे, कारण ती तक्रार नसून तेथील नेहमीचा व्यावसायिक कागद आहे.

पैसे आलेच नाहीत, तर काउंटी रेकॉर्डरच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा; मिळकतीचे दस्त नोंदवणारा तिथला अधिकारी) कार्यालयात लिएन नोंदवावा आणि त्याची प्रत मालकावर बजावावी. येथे मुदत आपले काम संपल्यापासून नव्हे, तर संपूर्ण बांधकाम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांची असते; सलग ६० दिवस काम बंद राहिले, तरी कायदा ते पूर्ण झाल्याचे धरतो. मालकाने ‘नोटीस ऑफ कम्प्लीशन’, म्हणजे काम पूर्ण झाल्याची सूचना, रीतसर नोंदवली की हीच मुदत मुख्य कंत्राटदारासाठी ६० आणि इतरांसाठी अवघ्या ३० दिवसांवर येते, त्यामुळे पुरवठादाराने काउंटीच्या नोंदींवर लक्ष ठेवावे. सरकारी इमारतीवर असा बोजा चढत नाही. तेथे ‘स्टॉप पेमेंट नोटीस’ देऊन कंत्राटदाराचे पैसे अडवावे लागतात.

लिएन नोंदवला म्हणजे पैसे हाती आले, असे नव्हे. नोंदणीपासून ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो आणि त्यानंतर २० दिवसांत दावा प्रलंबित असल्याची नोंदही काउंटीत करावी लागते. दाव्याची मुदत टळल्यावरही बोजा उतरवला नाही, तर मालक दहा दिवस आधी सूचना देऊन न्यायालयात अर्ज करू शकतो, आणि तो जिंकल्यास त्याच्या वकिलाचे वाजवी शुल्कही बोजा चढवणाऱ्यालाच भरावे लागते.