हळू धावायला शिका: दम न लागता पहिली तीस मिनिटं

धावणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणालं की मी एकच विचारते, किती हळू धावून पाहिलंत? उत्तर ठरलेलं: "हळूच धावत होतो की!" मग त्यांना मैदानावर न्यावं, तर निम्म्या फेरीतच माणूस कमरेवर हात ठेवून वाकलेला. यात दोष फुप्फुसांचा नसतो आणि वयाचाही नसतो, वेग चुकलेला असतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, शाळा सुटल्यापासून कधी न धावलेल्या बऱ्याच जणांना मी धावायला लावलं आहे. ज्यांनी वेग उतरवला ते टिकले, बाकीचे महिन्याभरात पुन्हा सोफ्यावर. म्हणून या लेखातला मोठा भाग त्या एकाच गोष्टीवर आहे.

तयारीचं थोडक्यात सांगते. बूट धावण्याचे हवेत, महाग नकोत. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. बायकांना चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच गरजेची. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशी उलटली असून वर्षानुवर्षं व्यायाम नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

१. आधी चाला

पाच मिनिटं, झपाझप. थंड स्नायू ताणत उभं राहू नका, ताणायचं ते शेवटी.

२. हळू धावा, मग आणखी हळू

सगळी अडचण इथे आहे. मला स्वतःला हीच पायरी जमायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ज्यांना शिकवलं त्यांनाही.

आपल्या पायांना दोनच वेग माहीत असतात. एक भाजी आणायला जाताना चालण्याचा आणि दुसरा सुटणारी बस पकडण्याचा. मधला वेग शिकवावा लागतो. धावायचं म्हटलं की शरीर आपोआप बस पकडण्याचा वेग घेतं, आणि गंमत म्हणजे पहिलं दीड-दोन मिनिट तो छान वाटतो. याचं कारण साधं आहे. धावायला लागल्या लागल्या स्नायूंना जितका ऑक्सिजन लागतो तितका हृदय आणि फुप्फुसं लगेच पुरवू शकत नाहीत, पुरवठा जुळायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू उधारीवर चालतात. तिसऱ्या मिनिटाला वसुली सुरू होते, धाप लागते, आणि माणूस म्हणतो, आपला स्टॅमिनाच नाही. म्हणून सुरुवातीला बरं वाटतंय यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पहिल्या मिनिटाला वेग हास्यास्पद हळू वाटला पाहिजे.

हळू म्हणजे किती? ४०० मीटरच्या मैदानाची एक फेरी पाच मिनिटांत. म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या जरा आतच. हो, इतक्या वेळात झपाझप चालणारा माणूस तुमच्या पुढे जाईल, आणि जाऊ द्यायचा. तरीही तुम्ही त्याच्याहून जास्त शक्ती खर्च करत असता. ताशी सातेक किलोमीटरपर्यंत माणसाच्या शरीराला चालणं स्वस्त पडतं, धावणं महाग. त्यामुळे चालण्याच्या वेगानं धावलात की वेग तोच राहून व्यायाम वाढतो. जपानमधल्या फुकुओका विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोआकी तनाका यांनी याच धावण्याचा अभ्यास आणि प्रसार केला. त्यांचा नियम असा की धावताना चेहऱ्यावर हसू टिकलं पाहिजे. हसू मावळलं की वेग जास्त झाला.

मी वापरते ती कसोटी पाढ्याची. धावता धावता बाराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस" इतकं एका दमात, शब्द न तोडता आलं पाहिजे, आणि मग एक साधा श्वास घेऊन पुढचं. "बारा दुणे" म्हटल्यावर हवा संपली आणि "चोवीस" दुसऱ्या श्वासात गेलं, तर वेग कमी करा. मनातल्या मनात म्हणून चालणार नाही. मनात पाढा कुणालाही येतो.

माझ्या आत्याला मी असंच शिकवलं. सलवार-कमीज, पायात नवे बूट, आणि पहिल्याच फेरीत ती थांबली.

"अगं, हे काय धावणं झालं? त्या बघ, काठी घेतलेल्या आजी पुढे गेल्या."

"जाऊ देत गं. तू पाढा म्हण."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आपापल्या फेऱ्या मोजतायत. बारा एके?"

"बारा एके बारा, बारा दुणे..." आणि तिथे श्वास तुटला. म्हणजे आजींच्या मागे राहूनही तिचा वेग जास्तच होता. मी तिला पाऊल निम्मं करायला लावलं. पुढच्या वेळी पाढा साठपर्यंत गेला आणि ती स्वतःच म्हणाली, "आता नाही लागत गं दम."

लाज ही खरी अडचण आहे, ती धरून बसू नका. सकाळी मैदानावर पोलीस भरतीची मुलं १६०० मीटरची तयारी करत असतात, तुमच्या बाजूनं सुसाट जातात. त्यांना वेळेवर गुण मिळतात, तुम्हाला नाही. त्यांच्यातलं कुणी प्रेमानं सांगेल, "काकू, जरा जोर लावा." ऐकायचं नाही. केनियातले जगातले सर्वोत्तम धावपटूसुद्धा सकाळच्या हलक्या धावण्याची सुरुवात जवळजवळ रांगत करतात.

आणि ही चाल कमीपणाची आहे असं वाटत असेल तर एक प्रसंग ध्यानात ठेवा. १९६२ च्या डिसेंबरात ओरेगन विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला आर्थर लिडियर्ड यांच्याकडे गेले होते. लिडियर्ड यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं जिंकली होती, आणि तेच लिडियर्ड ऑकलंडच्या पोट सुटलेल्या सर्वसामान्य माणसांनाही धावायला लावत होते. त्या मंडळींबरोबर बॉवरमन निघाले आणि चढावर त्यांची दमछाक झाली. हृदयविकारातून उठलेला सत्तरीतला एक गृहस्थ त्यांच्या सोबतीसाठी मागे थांबला आणि वाटभर गप्पा मारत राहिला. त्या माणसाकडे ताकद जास्त होती असं नाही. गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं धावायची त्याला सवय होती. अमेरिकेत पुढे जॉगिंग पसरलं त्यात याच बॉवरमन यांचा मोठा वाटा आहे.

वेग उतरवायच्या दोन युक्त्या सांगते, दोन्ही हमखास लागू पडतात. एक: चालता चालता थांबा, जागच्या जागी दुडुदुडु धावायला लागा, पावलं जमिनीपासून जेमतेम उचलून. लय बसली की घोट्यापासून अंग किंचित पुढे झुकवा. शरीर आपोआप पुढे सरकू लागतं. यापेक्षा जास्त जोर लावायचाच नाही. दोन: नेहमीच्या चालीनं चालणाऱ्या माणसाला सोबत घ्या. नवरा चालेल, तुम्ही त्याच्या शेजारून धावा. तो चालतो आहे तोवर तुमचा वेग वाढणं शक्यच नाही.

नाकानंच श्वास घ्या, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. सोडून द्या. नाकानं पुरत असेल तर उत्तमच, तुमचा वेग बरोबर आहे. पुरत नसेल तर तोंड उघडा आणि वेग कमी करा. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच. २२० वजा वय या सूत्रावरून काढलेले हृदयाच्या ठोक्यांचे टप्पे (झोन) एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतात. पाढा चुकत नाही. एप्रिलच्या उकाड्यात त्याच वेगाला धाप लागते, घड्याळातला वेगाचा आकडा म्हणतो तोच वेग ठेवा, पाढा म्हणतो उतरवा. पाढ्याचं ऐका.

३. पाऊल छोटं ठेवा

वेग कमी करायचा म्हणजे पावलं संथ टाकायची असा समज होतो आणि माणूस लांब ढांगा टाकत, टाच आपटत, उड्या मारल्यासारखा धावू लागतो. उलट करायचं. पावलं भराभर, पण छोटी. पंधरा सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते मोजा. एकवीस ते तेवीस आलं पाहिजे. त्या लयीत आणि आपल्या वेगात पाऊल जेमतेम हातभर, म्हणजे दीड फूट पडतं. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, पुढे फेकू नका. टेकताना आधी चवडा किंवा पूर्ण तळवा टेकावा. कान देऊन ऐका, धप धप आवाज येत असेल तर तुम्ही उंच उड्या मारताय.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतील. चवड्यावरचं काम त्यांना नवीन असतं. दोन दिवसांत उतरतं.

४. किती आणि कधी

एक दिवसाआड. रोज नाही, कितीही हुरूप आला तरी. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवणाऱ्यांच्या नडग्या नेमक्या दुसऱ्या महिन्यात दुखायला लागतात.

पहिले दोन आठवडे एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं वीस मिनिटं. पुढे दोन मिनिटं धावणं, एक चालणं. मग तीनास एक, पाचास एक. साधारण अडीच-तीन महिन्यांत सलग तीस मिनिटं होतात. कुणाला चार महिने लागतात, लागू देत. चालण्याचा टप्पा दम लागायच्या आधी घ्यायचा, लागल्यावर नाही. हे फार जणांना कळत नाही.

या वेगात स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार होतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं. त्यासाठी जीव काढावा लागत नाही, वेळ द्यावा लागतो. घाम जास्त यावा म्हणून प्लास्टिकचं जाकीट घालून धावणारे दिसतात. घामातून पाणी जातं, चरबी नाही, आणि आपल्या हवेत तो प्रकार धोक्याचा आहे.

उन्हाळ्यात लवकर निघा. नागपूरकरांनी तर आणखी लवकर, कारण मे महिन्यात तिथे मुंबईपेक्षा अर्धा तास आधी उजाडतं. पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळा. डांबरी रस्ता बरा, मातीचं मैदान त्याहून बरं. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी मिरामार किंवा जुहूच्या उतरत्या वाळूवर सुरुवात करू नये. एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा, कंबर दोन्ही कुरकुरतात. मुंबईत मरीन ड्राइव्हचा सपाट कट्टा आहे, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ. पुणेकरांना तळजाई टेकडीचा मोह होतो, तर चढ चालत चढा आणि वरच्या सपाटीवर धावा.

अर्ध्या तासासाठी वाटेत पाणी लागत नाही. कुत्रं अंगावर आलं तर धावणं थांबवा, पाठ न दाखवता चालत जा.

५. दुखलं तर

"दुखल्याशिवाय फायदा नाही" असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. स्नायू दोन्ही पायांत सारखा आंबला असेल तर ठीक, एक दिवस जास्त विश्रांती घ्या. नडगीच्या हाडावरून बोट दाबत खाली आणा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर आठवडाभर फक्त चाला. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत, दाबल्यावर कळ येत असेल तर धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, हाडाला बारीक तडा असू शकतो. धावताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

गुडघे झिजतात का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांना गुडघ्याची झीज बैठ्या माणसांपेक्षा जास्त होते असं दिसलेलं नाही. गुडघा आधीच सुजत असेल, जिना उतरताना लचकत असेल, तर गोष्ट वेगळी. आधी त्याचा इलाज करून घ्या.

६. खंड पडला तर

दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा. दहा-बारा दिवस गेले तर जिथे थांबलात तिथूनच सुरू करा, फक्त पहिल्या दिवशी वेळ निम्मी. महिना गेला तर दोनास एकवर या. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर आठवडाभर नुसतं चाला, आणि डेंग्यू-चिकनगुनिया असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट कपाटातून बाहेर काढूच नका. परतल्यावर पहिल्या फेरीत पाढा छत्तीसपर्यंतच गेला तरी चालेल, पण म्हणा मोठ्यानं.