मे महिन्यातलं बाळ, आमच्या जळगावकडचं
पारा ४४-४५ ला टेकला की घरात सगळे म्हणतात बाळाला दोन चमचे पाणी पाज, पण सहा महिन्यांच्या आतलं असेल तर नाहीच द्यायचं, अंगावर जास्त वेळा पाजा, दुधात पाणी असतंच. दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत ना बघा. मोठ्याला जुलाब लागले तर ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं नको (मी केलेलं, डॉक्टर चिडले), २४ तासांनी उरलेलं फेका. लेकरू मलूल पडलं, शू कमी झाली तर थेट दवाखाना. मध वर्षाच्या आत नकोच. झोपताना टोपडं काढा, मानेमागे हात लावून बघा, घामेजली असेल तर झबलंही काढा. कूलर चालतो, वारा तोंडावर नको, आमचा पायाकडे असतो.