बूट होताना कर्नल ट्रेस करताय? मंग या चुका टाळा

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून चालवणारे लोक आपल्या विदर्भात आता बरेच झाले, तालुक्याच्या शाळेतली लॅब असो की गावातलं सेवा केंद्र, अन् सगळ्यांची एक तक्रार ठरलेली राहते, मशीन चालू केली की काळ्या स्क्रीनवर मिनिटभर नुसती अडकून बसते. नवीन मशीन घ्यायला पैसा नाही, त्यामुळे कारण शोधणंच आलं. कर्नलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्यासाठी एफट्रेस नावाची एक नंबर सोय आहे, आत कोणतं काम कधी झालं याची नोंद (ट्रेस) ती ठेवते, पण बूटच्या वेळी ती लावताना लोक सारख्या त्याच त्याच ठिकाणी फसतात, अन् बहुतेक वेळा हातातून जाते ती नेमकी सुरुवातीची माहिती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. (कमांडची नावं इथं देवनागरीत लिहितो, टाइप करताना इंग्रजीतच करा.)

सगळ्यात आधी, वेळ खरंच कर्नलमधेच जाते का ते पहा. सिस्टमडी-ॲनलाइझ कमांड चालवली की कर्नलला किती सेकंद लागले अन् युजरस्पेसला (कर्नलनंतर चालू होणारे बाकीचे प्रोग्राम) किती ते वेगवेगळं दिसते. युजरस्पेसचाच आकडा मोठा असेल तर त्याच कमांडला पुढे ब्लेम जोडा, कोणती सर्व्हिस वेळ खाते ते कळते, कर्नल ट्रेसिंगची गरजच नाही. आणखी एक, बायोसचा (मशीनच्या बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) वेळ अन् ग्रबचा (कर्नल लोड करणारा प्रोग्राम) वेळ एफट्रेसला कधीच दिसणार नाही, काहून की तेव्हा कर्नल सुरूच झालेला नसते. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवर हे आकडे सिस्टमडी दाखवते, जुन्या बायोसवाल्या मशीनवर मात्र सरळ मोबाइलचं स्टॉपवॉच लावा.

आता मुख्य गोष्ट, कोणता टप्पा पाहायचा ते न ठरवता ऑप्शन टाकणे. रस्ते दोन आहेत. एक म्हणजे जुना, कर्नल कमांड लाइनवर (बूटच्या वेळी कर्नलला द्यायच्या ऑप्शनची ओळ) एफट्रेस=, ट्रेस_इव्हेंट= असं लिहायचं. दुसरा बूटकॉन्फिग, तो लिनक्स ५.६ मधे २०२० साली आला, मासामी हिरामात्सु यांचं काम आहे ते, त्यात वेगळ्या फाइलमधे फिल्टर, इन्स्टन्स (स्वतंत्र ट्रेस), इव्हेंटवरच्या (कर्नलमधल्या ठरावीक घटना) ॲक्शन असं सगळं नीट मांडून लिहिता येते. कमांड लाइनला x८६ वर २०४८ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मोठी सेटिंग तिथं मावतच नाही. पण बूटकॉन्फिगमधे ज्या ओळी एफट्रेस या शब्दानं सुरू होतात त्या कोअर_इनिटकॉल संपल्यावर लागू होतात (इनिटकॉल म्हणजे बूट होताना कर्नलचे भाग टप्प्याटप्प्यानं चालू करणारी फंक्शन, कोअर हा त्यातला सुरुवातीचा एक टप्पा). म्हणजे त्याच्या आधी जे झालं ते तुम्हाला दिसणारच नाही, अन् लोक मंग म्हणतात की ट्रेस अर्धवट आला. अर्धवट नाही आला भाऊ, उशिरा सुरू झाला. त्याआधीचं पाहिजे असेल तर कर्नल.ट्रेस_इव्हेंट किंवा कर्नल.एफट्रेस असं लिहा, कर्नल. ने सुरू होणाऱ्या ओळी कमांड लाइनमधेच जोडल्या जातात अन् या दोन्ही इनिटकॉल सुरू व्हायच्या आधीच चालू होतात. ड्रायव्हरचाच घोळ असेल तर एवढ्या मागे जायची गरज सहसा पडत नाही, बहुतेक ड्रायव्हर कोअर_इनिटकॉलच्या नंतरच येतात.

बूटकॉन्फिगची फाइल इनिटआरडीच्या (बूटच्या सुरुवातीला रॅममधे लोड होणारी फाइल) शेवटी चिकटवलेली राहते, बूटकॉन्फिग नावाच्याच टूलनं, मायनस ए लावून. ती चिकटवली तरी कमांड लाइनवर बूटकॉन्फिग हा शब्द टाकावा लागते, नाहीतर कर्नल तिकडे पाहतही नाही. अन् अपडेट आला, इनिटआरडी नव्यानं बनली, की चिकटवलेलं सगळं गायब! काल चालत होतं आज नाही, याचं कारण बरेचदा हेच निघते. बूट झाल्यावर प्रॉक (कर्नलची माहिती दाखवणारा फोल्डर) मधली बूटकॉन्फिग अन् सीएमडीलाइन या दोन फाइल पाहायची सवय लावून घ्या, कर्नलनं खरंच काय वाचलं ते तिथंच कळते.

ग्रबची फाइल बदलून अपडेट-ग्रब चालवायचं विसरणे ही तर रोजची गोष्ट आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा फाइल बदलूच नका, ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ऑप्शन लिहा अन् कंट्रोल-एक्स. हे एका बूटपुरतंच राहते. मशीन तिकडे खेड्यात, तुम्ही इकडे तालुक्याला, अन् चुकीचा ऑप्शन कायमचा बसला तर फोनवर मास्तरांना रिकव्हरी समजावून सांगणं लय अवघड जाते. रास्पबेरी पाय असेल तर सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमधे सगळं एकाच ओळीत ठेवा, तिथं एंटर मारला की घोळ झालाच म्हणून समजा.

बफरबद्दल जरा सविस्तर सांगतो. काही न सांगता कर्नल दर सीपीयूमागे साधारण १४०० केबी बफर (ट्रेस साठवायची रॅममधली जागा) घेते, अन् तो भरला की जुनं पुसून नवीन लिहिते. बूटमधे तर आपल्याला जुनंच पाहिजे ना! वरून एफट्रेस=फंक्शन (कर्नलमधली फंक्शन नोंदवणारा फंक्शन ट्रेसर) लावलं असेल तर बूट संपल्यावरही ट्रेसिंग चालूच राहते, तुम्ही लॉगिन करेपर्यंत सुरुवातीचं काही शिल्लक नसते. ट्रेस फाइलच्या वरच्या ओळींत बफरमधे किती एंट्री आहेत अन् एकूण किती लिहिल्या गेल्या हे दोन आकडे राहतात, ते सारखे नसतील तर माहिती गेली. उपाय असा की ट्रेस_बफ_साइझ वाढवा, ट्रेस_ऑप्शन्समधे नोओव्हरराइट द्या म्हणजे बफर भरल्यावर जुनं टिकते अन् नवीन सुटते, अन् सगळ्यात चांगलं म्हणजे जेवढं पाहिजे तेवढंच ट्रेस करा. साइझ मात्र दर सीपीयूची असते हे ध्यानात ठेवा, १०० एमबी लिहिलं अन् चार कोअर असले तर ४०० एमबी गेले, दोन जीबी रॅमच्या मशीनवर मंग काय उरते?

फिल्टर न लावता फंक्शन ट्रेसर चालवला तर बूट आणखी हळू होते अन् दिसणारे वेळेचे आकडेही फुगलेले येतात. ड्रायव्हरचा संशय असेल तर ट्रेस_इव्हेंटमधे फक्त इनिटकॉल ग्रुप लावा, किंवा त्याहून सोपं, कमांड लाइनवर इनिटकॉल_डीबग टाका अन् डीमेसेजमधे (dmesg, कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) कोणता कॉल किती मायक्रोसेकंद चालला ते पहा. मेसेज खूप येतात, म्हणून लॉग_बफ_लेन (मेसेज साठवायची जागा) पण वाढवा. माझ्या मते शंभरातल्या बहुतेक केसेस इथंच सुटतात.

टीपी_प्रिंटके हा ऑप्शन इव्हेंट सरळ कन्सोलवर छापते, मशीन बूट व्हायच्या आधीच मरत असेल तर कामाचा आहे. पण त्याच्यासोबत शेड्यूलरचे (कोणता प्रोग्राम कधी चालवायचा ते ठरवणारा) किंवा आयआरक्यूचे (हार्डवेअरकडून येणारे इशारे) इव्हेंट लावू नका, ते इतके धडाधड येतात की छापण्यातच मशीन अडकून पडते, कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधेच ही ताकीद दिलेली आहे. एफट्रेस_डंप_ऑन_ऊप्सचं (कर्नल कोसळला की ट्रेस कन्सोलवर ओतणारा ऑप्शन) पण तसंच, सिरियल पोर्टवर ११५२०० च्या स्पीडनं एक एमबी मजकूर जायलाच दीड मिनिट लागते, म्हणून बफर लहान ठेवा नाहीतर ओरिग_सीपीयू लावा म्हणजे ज्या सीपीयूवर गडबड झाली तेवढ्याचाच डंप येते.

काहीच येत नसेल तर बूट फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडून फंक्शन_ट्रेसर अन् बूटटाइम_ट्रेसिंग चालू आहेत का पहा. कर्नलचा लॉकडाउन (सुरक्षेसाठीची बंधनं) कॉन्फिडेन्शिॲलिटी मोडमधे असला तरी ट्रेसएफएस (ट्रेसच्या फाइल जिथं दिसतात तो फोल्डर) बंद राहते.

अन् आपल्याकडची खास गोष्ट, लाइन. ट्रेस रॅममधे असते, लाइट गेली की संपलं. म्हणून लॉगिन झाल्याबरोबर आधी ट्रेसएफएसमधल्या ट्रेसिंग_ऑन फाइलमधे शून्य लिहा, मंग ट्रेस फाइल कॅट करून डिस्कवर कॉपी करा, किंवा ट्रेस-सीएमडी एक्स्ट्रॅक्ट वापरा. ट्रेस फाइलमधे चुकून काही लिहू नका, लिहायला उघडली की बफर रिकामा होते. लोडशेडिंगचा टाइम असेल तर हे दोन्ही काम करणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिसच बनवून ठेवा, बूट झाल्याझाल्या आपोआप सेव्ह होते.

काम झालं की कमांड लाइनचे ऑप्शन काढा, बूटकॉन्फिग मायनस डी करून इनिटआरडी साफ करा, अन् परत एकदा रीबूट करून प्रॉक सीएमडीलाइन तपासा, नाहीतर तो मोठा बफर रोज त्या लॅबच्या रॅममधे बसून राहील.