आयटीआयचा रेझ्युमे: हा लग्नाचा बायोडाटा नव्हे

वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली जन्मतारीख, जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, छंद क्रिकेट. आयटीआयच्या पोरांचे असे कागद पाहिले की हा गडी नोकरीला निघालाय की मुलगी बघायला, तेच कळत नाही. दोष पोरांचा नाही. सायबर कॅफेत एक जुनी फाईल असते, तीच नाव बदलून सगळ्यांना मिळते.

चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पहिली-दुसरी नोकरी शोधत असाल, तर कॅफेत जायच्या आधी वही घेऊन बसा. आजवर कोणत्या मशीनवर हात बसला, कोणती मापं घेता येतात, ड्रॉइंग वाचता येतं का, हे आठवेल तसं लिहून काढा. रेझ्युमेचा माल या वहीतूनच निघतो.

सगळ्यात वर नाव, चालू मोबाईल नंबर, साधा ईमेल आणि गाव-तालुका. ‘रॉकिंग’, ‘किंग’ असले शब्द ईमेलमध्ये असतील तर नवा काढा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याखाली ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’चा तो पाठ केलेला उतारा नको. एकच ओळ पुरे: ‘आयटीआय फिटर, अप्रेंटिसशिप पूर्ण, तिन्ही शिफ्टला तयार’.

आता अनुभव. खरा वेळ इथे घालवा. ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले’ एवढ्याने प्रॉडक्शन सुपरवायझरला काहीच कळत नाही. त्याला हवं ते असं:

‘फानुक कंट्रोलच्या दोन सीएनसी टर्निंग मशीन एकट्याने चालवल्या. शिफ्टला साधारण 120 जॉब (पार्ट). टूल बदलणे, ऑफसेट देणे स्वतः. 0.02 मिमी टॉलरन्सचे माप मायक्रोमीटरने तपासणे.’

आकडे तुमचे, खरे लिहा. बऱ्याच कंपन्यांत मुलाखतीनंतर मशीनवर उभं करून ट्रायल घेतात. तिथे ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये करायची दुरुस्ती) देता आला नाही की कागदावरचं सगळंच खोटं ठरतं. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर ‘प्रोग्रॅममध्ये किरकोळ दुरुस्ती’ एवढंच लिहा. अनुभव अजिबात नसेल तर वर्कशॉपमध्ये केलेले जॉब लिहा. दोन वर्षांच्या फिटर ट्रेडमध्ये फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, फिटिंग हे सगळं हातून गेलेलंच असतं, पण ‘हे काय लिहायचं’ म्हणून पोरं ते सोडून देतात.

शिक्षण थोडक्यात, शेवटचं आधी: ट्रेड, संस्था, वर्ष, टक्के, मग दहावी. अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर ते ठळक दिसू द्या.

मध्ये वर्ष-दीड वर्ष घरी होतात? लपवू नका. ‘घरची शेती पाहिली’ असं सरळ लिहिलं तर कोणी नावं ठेवत नाही. तारखा जुळल्या नाहीत की मात्र शंका येते.

जात, धर्म, उंची, वडिलांचं उत्पन्न काढून टाका. आधार नंबरही नको, हे कागद कुठे कुठे फिरतील सांगता येत नाही. शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे डिक्लरेशन ठेवलं काय, काढलं काय, फरक पडत नाही.

सगळं मिळून एक पान, साध्या इंग्रजीत. लहान वर्कशॉपमध्ये मराठीही चालतं. स्पेलिंग आयटीआयच्या सरांकडून तपासून घ्या. ‘फिटर’चंच स्पेलिंग चुकलेले कागद मी पाहिलेत.

पाठवताना पीडीएफ करा, फाईलला स्वतःचं नाव आणि ट्रेड द्या. ‘न्यू रेझ्युमे फायनल 2’ नावाची फाईल एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पुन्हा सापडत नाही. कन्सल्टन्सीवाल्याने रेझ्युमे पुढे पाठवायचे पैसे आधी मागितले, तर तिथूनच परत फिरा. आणि पाठवल्यानंतरचे आठ दिवस अनोळखी नंबर उचलत जा, एचआरचा फोन बहुतेक वेळा तसाच येतो.