जुना प्रसंग केव्हा आणि किती वेळ घडला हे कसे आठवावे

जुना प्रसंग आठवताना आपण बहुधा ‘हे केव्हा झाले?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तेथेच अडतो. तारीख स्मृतीत क्वचितच सुटी राहते. ती इतर खुणांवरून जुळवावी लागते. म्हणून प्रथम आपण कोठे होतो हे ठरवावे: दार कोणत्या बाजूला होते, ऊन कोठून येत होते, शेजारी कोण होते. उन्हाच्या दिशेवरून प्रहर आणि माणसांवरून वर्ष पुष्कळदा आपोआप उलगडते.

जागा आणि वेळ यांची ही सांगड मेंदूतही दिसते. जॉन ओ’कीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात, ठरावीक जागीच सक्रिय होणाऱ्या पेशींची नोंद केली. पुढे त्याच भागात ठरावीक क्षणी सक्रिय होणाऱ्या पेशीही आढळल्या.

जागा पक्की झाली की क्रमाकडे वळावे. मनातल्या मनात त्या प्रसंगाच्या वाटेने एकदा पुढे जावे आणि एकदा शेवटाकडून मागे यावे. उलट्या दिशेने जाणे कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये, कारण सरळ सांगताना ‘असेच झाले असणार’ अशी भर सवयीने पडते. एकाच खोलीत घडलेल्या गोष्टींचा क्रम बराचसा नीट आठवतो; मात्र मध्ये जागा किंवा प्रसंग बदलला असेल, तर बदलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टींचा क्रम डळमळतो आणि त्यांच्यातील अंतरही असते त्यापेक्षा मोठे भासते. अशा ठिकाणी पावती किंवा संदेशावरील वेळ पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

किती वेळ लागला, हा प्रश्न शेवटी घ्यावा. सर्वाधिक फसगत येथेच होते. डॅनियल कासासांतो आणि लेरा बोरोडित्स्की यांच्या २००८ च्या प्रयोगांत पडद्यावरील रेघ जितकी लांब, तितका अधिक वेळ ती दिसली असे लोकांना वाटले, कालावधी सारखाच असूनही. उलट कालावधीमुळे लांबीचा अंदाज मात्र बदलला नाही. तेव्हा किती अंतर कापले हे बाजूला ठेवून, त्या वेळात कोणकोणती कामे झाली आणि प्रत्येकाला एरवी किती वेळ लागतो, यांची बेरीज करावी. हा अंदाज एका आकड्यात न मांडता ‘चाळीस मिनिटे ते तासभर’ असा, आणि छायाचित्रे उघडण्यापूर्वीच, लिहून ठेवावा. एकदा छायाचित्र पाहिले की आपले मूळ स्मरण कोणते होते हे वेगळे काढणे अवघड होते.