धाराशिवची आकडेवारी सापडेना, तेव्हा...

पुतणीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी जिल्ह्यातल्या महिलांच्या रक्तक्षयाचे आकडे हवे होते. म्हणाली, "काका, दोन दिवस झाले, धाराशिव टाकलं की नुसत्या बातम्याच येतात." मीही तासभर डोकं खाजवलं. गोची साधीच होती. जिल्ह्याचं नाव बदललं 2023 मध्ये आणि हे आकडे ज्यात मिळतात त्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली 2019 ते 21 मध्ये. म्हणजे अहवालात जिल्हा अजून 'उस्मानाबाद'च आहे! जुनं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, शेवटी 'फॅक्टशीट' (म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यांचा तक्ता) जोडलं, लगेच पीडीएफ हजर. छत्रपती संभाजीनगरवाल्यांनी 'औरंगाबाद' टाकावं.

तक्त्यात दोन रकाने असतात, एक पाचव्या फेरीचा आणि एक 2015-16 च्या चौथ्या फेरीचा, त्यामुळे तुलना आयतीच मिळते. मात्र काही आकडे कंसात दिसले. पुतणी ते तसेच उतरवून घेत होती, मी थांबवलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की कंस म्हणजे फक्त 25 ते 49 जणांवरून काढलेली टक्केवारी. 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी नुसती चांदणी (*). असला आकडा छातीठोकपणे सांगू नये.

तालुक्याचे आकडे मात्र यात नाहीतच, सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, मुदत 30 दिवसांची. आज बारावा दिवस.